फुकट्यांना आवरतं कोण? (जिवांमधला आणि बाजारातला सहकार)

औदुंबर (धागाकर्ता)

"माणूस मुळात चांगला की स्वार्थी", "निसर्गात संघर्ष जास्त की साहाय्य" असे वाद मी बरेच वाचले, घातलेही. त्यातून हाती फारसं लागलं नाही. हल्ली मला एकच प्रश्न छळतो. दोघांनी मिळून काही केलं आणि त्यातून फायदा निघाला, की तो आयता लाटणारा तिसरा तिथे उगवतोच. त्याला आवरतं कोण? आणि आवरण्याचा भुर्दंड कोण सोसतं?

सोयाबीनपासून सुरुवात करतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जीवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन ते झाडाच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणून देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. नायट्रोजन पकडण्याचं काम जीवाणूला महाग पडतं. एकाच झाडावर अनेक वाणांचे जीवाणू नांदतात, त्यामुळे एखाद्या वाणाने अंग चोरलं तरी बाकीचे राबतात, झाड जगतं आणि कामचुकारालाही साखर मिळत राहते. मग सगळेच अंग का चोरत नाहीत?

टोबी कीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आरगॉन भरला. आता तिथल्या जीवाणूंनी कितीही ठरवलं तरी काम होणं शक्यच नव्हतं. अशा गाठींचा ऑक्सिजन झाडाने कमी केल्याची चिन्हं दिसली आणि तिथल्या जीवाणूंची पैदास काम करणाऱ्यांच्या सुमारे निम्म्यावर आली. झाडाला डोळे नाहीत, मेंदू नाही, हिशेबाची वही नाही. तरी प्रत्येक गाठीचा हिशेब वेगळा चुकता होतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

मधमाश्यांकडे पाहा. वंध्य कामकरी कीटकांचं कोडं डार्विनलाही अडचणीचं वाटलं होतं. ज्यांना संततीच नाही त्यांचे गुण पुढच्या पिढीत जातात कसे? विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं: मदतीची किंमत ही नात्याची जवळीक गुणिले समोरच्याचा फायदा यापेक्षा कमी असेल, तर ती मदत करणारं जनुक टिकतं. पण पोळ्याच्या बाबतीत नात्यावर सगळं भागत नाही. राणी अनेक नरांशी संग करते, म्हणून कामकरी माश्या बहुतेक एकमेकींच्या सावत्र बहिणी असतात. कामकरी माशीला फलन न झालेलं अंडं घालता येतं आणि त्यातून नर निपजतो. म्हणजे आपला मुलगा वाढवण्याचा मोह प्रत्येकीपुढे आहेच. फ्रान्सिस रॅटनिक्स आणि कर्क व्हिशर यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं, की इतर कामकरी माश्या अशी अंडी हुडकून खाऊन टाकतात. सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा, म्हणजे भाऊ, नात्याने दुप्पट जवळचा असतो. पोळ्यात वाढलेल्या नरांपैकी कामकरीचा मुलगा हजारात एखादा सापडतो. ज्या एकोप्याचे आपण गोडवे गातो, त्याच्या मुळाशी रोजची पहारेदारी आहे.

तिसरं उदाहरण प्रवाळखडकांवरच्या सफाई करणाऱ्या माशाचं. मोठे मासे त्याच्याकडे येतात, तो त्यांच्या अंगावरचे परजीवी खातो. त्याला खरं म्हणजे परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट स्राव जास्त आवडतो. तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं. रेदुआन ब्शारी यांनी वर्षानुवर्षं ही 'दुकानं' पाहिली. ज्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येतं ते सरळ निघून जातं. ज्याला जाता येत नाही ते सफाईवाल्याच्या मागे लागून त्याला पळवतं. आणि शेजारी कोणी रांगेत उभं राहून बघत असेल, तर सफाईवाला जास्त इमानदारीने वागतो. मराठीत यालाच 'पत' म्हणतात. उधारीची पत आणि समाजातली पत या दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

थोडक्यात, झाड पुरवठा तोडतं, माश्या पहारा ठेवतात, मासे पाठ फिरवतात. माणसाच्या आर्थिक व्यवहारांत ही कामं कोण करतं, याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर लिहा. मी जीवशास्त्राच्या बाजूने आलोय, अर्थशास्त्रात माझं वाचन तोकडं आहे.

---

शून्यशेष

उत्तम धागा. यात गणिताची बाजू घालतो.

दोन खेळाडू. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगाबाजाला ५ आणि दुसऱ्याला शून्य. एकदाच खेळायचं असेल तर समोरचा काहीही करो, दगा देणंच फायद्याचं. १९५० मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ मांडला, 'कैद्यांचा पेच' हे नाव ॲल्बर्ट टकरने दिलं.

पुन्हा पुन्हा खेळायचं असेल तर काय, हे पाहायला रॉबर्ट ॲक्सेलरॉडने संगणकावर स्पर्धा भरवली. पहिल्या वेळी १४ जणांनी डावपेच पाठवले. त्यातला सगळ्यात छोटा ॲनातोल रापोपोर्टचा होता: पहिल्यांदा साथ द्या, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करा. जशास तसे. तोच जिंकला. निकाल सगळ्यांना कळवून दुसरी स्पर्धा घेतली, तेव्हा ६२ प्रवेशिका आल्या, काही तर त्यालाच हरवण्यासाठी रचलेल्या. पुन्हा तोच जिंकला.

'जशास तसे' हा डाव कुठल्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही, कारण तो आपणहून कधी दगा देत नाही. एकही लढाई न जिंकता तो स्पर्धा जिंकला. बाकीचे एकमेकांना पाडण्यात गुण घालवत होते आणि हा ज्याच्याशी जमेल त्याच्याशी जमवून घेत होता.

त्याचा दोष मात्र मोठा आहे. एक चूक झाली, एखादा निरोप चुकीचा पोचला, की दोन 'जशास तसे' एकमेकांवर आळीपाळीने सूड उगवत बसतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की चुका होणाऱ्या जगात थोडी क्षमा करणारा डाव वरचढ ठरतो. वर दिलेल्या गुणांप्रमाणे हिशेब केला तर साधारण तीन दग्यांपैकी एक सोडून द्यायचा. क्षमेचं प्रमाण असं आकड्यात निघतं, हे मला अजूनही थरारून टाकतं.

---

मुंगीमार्ग

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून एक भर घालते. धाग्यातली सगळी उदाहरणं आवरण्याची आहेत. पण कधीकधी कोणी आवरत नाही आणि तरीही सहकार टिकतो.

यीस्टला उसाची साखर थेट नीट वापरता येत नाही. ते एक विकर (एन्झाइम) तयार करून पेशीच्या बाहेरच्या बाजूला ठेवतं आणि तिथे साखरेचे तुकडे होतात. पण त्यातली सुमारे ९९ टक्के साखर विरघळून निघून जाते आणि शेजारच्यांच्या तोंडी पडते. विकर न बनवणाऱ्या फुकट्या यीस्टला खर्च शून्य, साखर मात्र मिळते. हिशेबाने फुकट्यांनी सगळं बळकावायला हवं. जेफ गोर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत तसं झालं नाही, दोन्ही जाती एकत्र नांदल्या. राबणाऱ्या पेशीकडे उरतो तो एक टक्का. राबणारे कमी झाले आणि साखरेचा दुष्काळ पडला, की तो एक टक्काच जीव वाचवतो. मग राबणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढते.

वर्गात हे शिकवताना मुलं विचारतात, "मॅडम, म्हणजे फुकटे कधीच संपत नाहीत?" या मांडणीत नाही संपत. पण राबणारेही संपत नाहीत. फुकट्यांचा समूळ नायनाट हीच सहकाराची अट आहे असं धाग्यातून ध्वनित होतं, ते मला पटत नाही.

---

सावकाश

वाचायला छान आहे, पण मला उडी फार लांब वाटते. यीस्ट आणि मासे यांच्यावरून अर्थव्यवस्थेकडे कसं येणार? माश्या बहिणी-बहिणी तरी आहेत. बाजारात माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. सामाईक कुरणाचं काय होतं ते गॅरेट हार्डिनने १९६८ मध्येच सांगून ठेवलंय: प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा, चराईचं नुकसान सगळ्यांचं, आणि शेवटी कुरण उजाड. म्हणून एकतर मालकी वाटून द्या, नाहीतर सरकारचा दंडुका आणा. तिसरा रस्ता आहे असं मला दिसत नाही.

---

दूरचा किनारा

@सावकाश, तिसरा रस्ता आहे आणि तो कित्येक शतकं वापरात आहे. हार्डिनने वर्णन केलेलं कुरण म्हणजे कोणाचाच नियम नसलेलं कुरण. पुढे त्याने स्वतःही मान्य केलं, की आपल्याला 'व्यवस्था नसलेलं' सामाईक कुरण म्हणायचं होतं. या एका शब्दाने सगळा फरक पडतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्य घालवून जगभरची सामाईक कुरणं, जंगलं, कालवे, मासेमारीच्या जागा धुंडाळल्या. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी वापरलेलं एक उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या टर्बेल या डोंगरी गावाचं आहे. तिथे १५१७ चा लेखी नियम आहे: हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. कुरण मोजत बसायची गरज नाही, गवत तपासायला माणूस नको. गोठ्यात गाई किती जगल्या ते सगळ्या गावाला दिसतंच. इतका साधा आणि इतका नेमका नियम मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि धागाकर्त्याने विचारलेल्या भुर्दंडाचं उत्तरही तिथेच आहे. नियम मोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या गावच्या कारभाऱ्याला त्या दंडाची निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवायची मुभा होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणाऱ्याचा मेहनताना मांजराकडूनच वसूल!

ऑस्ट्रॉम यांना आणखी एक गोष्ट वारंवार दिसली. टिकलेल्या व्यवस्थांत पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते आणि मग ती चढत जाते. शून्यशेष यांच्या 'तीनातला एक सोडून द्या'शी हे किती जुळतं पाहा. गवताची राखण करणारे गावकरी आणि गणिती, दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलेत.

---

औदुंबर

@दूरचा किनारा, टर्बेलच्या निम्म्या दंडाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. हेच हवं होतं, मनापासून आभार.

@मुंगीमार्ग, तुमचा आक्षेप मान्य. 'आवरणं' आणि 'नायनाट' मी एकच धरून चाललो होतो.

---

निळी शाई

घंटा बांधण्यावरून स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षं मी ऑनलाइन शब्दकोश घडवणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात होते. सुरुवातीला आठ-दहा जण झटून काम करायचे. मग काहींनी दुसरीकडच्या नोंदी जशाच्या तशा उचलून आपल्या नावावर टाकायला सुरुवात केली. आम्हाला दिसत होतं. पण बोलायचं कोणी? जी बोलेल ती वाईट होणार आणि फायदा सगळ्यांना मिळणार. मी सहा महिने गप्प बसले. गटातल्या सगळ्यात चांगल्या दोघी काही न बोलता निघून गेल्या, तेव्हा मला कळलं की माझं गप्प बसणं हाही फुकटेपणाच होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांचा २००२ चा प्रयोग मी त्यानंतर वाचला. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. सामाईक भांड्यात टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे ३२ होतात, पण एकट्याने हात आखडता घेतला तर त्याचा जास्त फायदा. फेरीगणिक लोक कमी कमी टाकू लागले. मग नियम बदलला: स्वतःचं एक नाणं खर्चून दुसऱ्याची तीन कमी करता येतील. लोकांनी पदरचे पैसे घालून फुकट्यांना दंड केला, तेही पुन्हा त्या माणसाशी गाठ पडणार नाही हे ठाऊक असताना. भांड्यातली नाणी वाढत गेली.

आमच्या गटात तसं एक नाणं खर्च करायला कोणीच पुढे आलं नाही. मीही नाही.

---

शून्यशेष

@निळी शाई, प्रांजळपणे लिहिलंत. त्या प्रयोगाचा पुढचा भागही महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये बेनेडिक्ट हेरमान, क्रिस्टियान टोनी आणि गेख्टर यांनी तोच खेळ जगातल्या १६ शहरांत घेतला. काही ठिकाणी लोकांनी जास्त टाकणाऱ्यांनाही दंड केला! फार चांगलं वागून आम्हाला लाजवतोस काय, असा काहीसा प्रकार. तिथे दंडाची सोय असूनही सहकार फारसा वाढला नाही. काठी हातात आली म्हणजे ती योग्य पाठीवरच पडेल असं नाही. बोलला असतात तर ती काठी तुमच्यावरच उलटलीही असती. सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

---

वाटाड्या

सगळे सहकाराच्या बाजूने बोलताहेत, म्हणून एक आठवण करून देतो. सहकार कोणाविरुद्ध आहे हेही विचारायला हवं. चार कंपन्या आपसांत ठरवून भाव चढे ठेवतात, तोही अस्सल सहकार आहे: विश्वास, शब्द पाळणं, फुटणाऱ्याला धडा शिकवणं, सगळं त्यात आहे. गिऱ्हाईक मात्र भरडलं जातं. शरीरातली कर्काची गाठ याच्या उलट. तिथे पेशी शरीराशी असलेला करार मोडते आणि एकटीच वाढत सुटते.

अशा कंपन्यांच्या टोळ्या फोडायला अमेरिकेने वापरलेला उपाय शून्यशेष यांना आवडेल. १९७८ पासून तिथे माफीचं धोरण आहे आणि १९९३ मध्ये ते धारदार केलं गेलं: टोळीतली जी कंपनी पहिली येऊन कबुली देईल तिला खटल्यातून सूट, मागून येणाऱ्यांना नाही. म्हणजे कायद्याने मुद्दाम कैद्यांचा पेच उभा केला. प्रत्येकीला धास्ती, की दुसरी आपल्या आधी पोचली तर? पुढे युरोपनेही अशी सवलत आणली. सहकार कशाने टिकतो हे नीट कळलं, की तो नको असेल तिथे मोडताही येतो.

---

सावकाश

टर्बेल वाचून माझं मत बरंच हललं, हे कबूल करतो. पण ते एक गाव आहे, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. अनोळखी लोकांत, दूरच्या व्यापारात काय?

---

दूरचा किनारा

यावर खरोखरच वाद आहे. अकराव्या शतकातल्या मगरिबी (उत्तर आफ्रिकेतल्या) ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं कैरोतल्या एका सिनेगॉगच्या कोठीत सापडली. ॲव्हनर ग्राइफ यांनी त्यांतून असं मांडलं, की भूमध्य समुद्रापलीकडच्या अडत्याने एकाला फसवलं तर बातमी पत्रांतून सगळीकडे जायची आणि कोणीच त्याला माल सोपवायचं नाही. म्हणजे पत हीच पोलीस. जेरेमी एडवर्ड्स आणि शीला ओगिल्वी यांनी तीच पत्रं वाचून याला हरकत घेतली. त्यांच्या मते हे व्यापारी गरज पडली की न्यायालयांतही जात होते आणि सगळ्यांनी मिळून बहिष्कार टाकल्याचा पुरावा कमकुवत आहे.

मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. मला वाटतं, पत आणि न्यायालय ही दोन्ही दारं उघडी असली, की माणूस अनोळखी हातात माल द्यायला धजावतो. नुसती पत छोट्या वर्तुळात चालते, नुसतं न्यायालय फार महाग पडतं.

---

मुंगीमार्ग

@सावकाश, 'माश्या बहिणी तरी आहेत' यावर राहून गेलं होतं. नातं मुळीच नसताना, अगदी दोन वेगळ्या सृष्टींत लेनदेन चालते. बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे धागे जोडलेले असतात, बुरशी फॉस्फरस आणते आणि वनस्पती कर्ब देते. ही भागीदारी ४० कोटी वर्षांहून जुनी आहे. कीअर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की मुळं जास्त देणाऱ्या बुरशीला जास्त कर्ब देतात आणि बुरशीही जास्त कर्ब देणाऱ्या मुळाला जास्त फॉस्फरस देते. दोन्ही बाजूंना अनेक भागीदार आहेत, म्हणून कोणालाच दुसऱ्याला वेठीला धरता येत नाही. तुम्ही विचारलेला अनोळखी लोकांचा बाजार तो हाच.

---

पहिलापाऊस

इतके दिवस नुसती वाचत होते, आज विचारते. टिकवण्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं. पण दोघं पूर्ण अनोळखी असतील, ना पत, ना नातं, ना नियम, तर पहिला हात पुढे कोण करतं? आणि किती पुढे?

---

औदुंबर

@पहिलापाऊस, मूळ लेखात हेच यायला हवं होतं.

रक्तपिपासू वटवाघळं दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. ज्याला शिकार मिळाली ते उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून देतं. जेराल्ड विल्किन्सनने १९८४ मध्ये कोस्टा रिकातल्या निरीक्षणांतून हे मांडलं. नंतर जेराल्ड कार्टर यांनी पाहिलं, की कोण कोणाला भरवणार हे रक्ताच्या नात्यापेक्षा आधी कोणी कोणाला भरवलंय यावरून जास्त चांगलं सांगता येतं. मग त्यांच्या गटाने नेमका तुमचा प्रश्न घेतला. लांबलांबच्या ठिकाणांहून पकडलेली, एकमेकांना कधीच न भेटलेली वटवाघळं त्यांनी एकत्र ठेवली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. अनोळखी वटवाघळं लगेच रक्त देत नाहीत. आधी ती एकमेकांचं अंग चाटून साफ करतात. त्यात खर्च जवळपास काहीच नाही, समोरच्याने परत नाही केलं तरी बिघडत नाही. ते हळूहळू वाढत जातं, आणि काही जोड्यांत पुढे कधीतरी एक जण उपाशी असताना दुसरं त्याला पहिल्यांदा भरवतं. त्यानंतर त्या जोडीत अंग चाटणं वाढत नाही, आहे तिथेच थांबतं.